मानेवरचा मळ

२ जानेवारी

क्रीम पुरवणारा माणूस दर नव्या वर्षाला माझ्या सुनेला एक डायरी देतो. सून तिच्यात एक रेघ ओढत नाही, तिची सगळी गिऱ्हाइकं तिच्या डोक्यात असतात. म्हणून यंदा मी म्हटलं, ती मला दे. सुनेला हसू आलं. "आई, तुम्ही काय करणार तिचं? उशाला घेणार?"

म्हटलं, मी बोलेन, मनी लिहील. बोलायला शाळेत जावं लागत नाही. तसं असतं तर तुझ्या पार्लरात निम्म्या बायका मुक्या बसल्या असत्या.

तर मी सांगते आणि नात लिहिते. मनी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा मांजराच्या पिल्लासारखी रडली, म्हणून मीच ठेवलं. आता चोविसाव्यात आहे, आईच्याच हाताखाली पार्लरात काम करते. अट घातलीय की मी बोलेन तसंच उतरवायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही, आणि तुझ्या आईबद्दल काही बोलले तरी हात आखडायचा नाही.

मनी म्हणाली, "आणि माझ्याबद्दल बोललीस तर?"

"तर अक्षर चांगलं काढायचं."

घर म्हणजे पार्लरच्या मागच्या दोन खोल्या. मुलगा वीजमिस्त्री, दिवसभर लोकांच्या घरी. मी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून टॉवेलच्या घड्या घालते आणि कोण कोणाबद्दल काय बोललं ते ऐकते. येत्या महिन्यात रस्त्यापलीकडे आमचंच मोठं दुकान सुरू होणार. काचेचं दार, तीन खुर्च्या, आरसे भिंतभर. सुनेला आताच झोप लागत नाही. डायरी त्यासाठीच सुरू केली, घरात एवढं मोठं काही घडतंय तर कुणीतरी सांगून ठेवावं.

५ जानेवारी

आज रविवार, पार्लर बंद. बंद म्हणजे लोकांना बंद. रविवारी सकाळी सून दार लावून घेते, मनीला खुर्चीत बसवते, आणि दातात दोरा धरून तिची हनुवटी साफ करते. ओठावरचं, गालाच्या कडेचं, गळ्यावरचंही. मनी डोळे मिटून घेते. हे ती शाळेत असल्यापासून चालू आहे.

मी आपली गंमत केली. म्हटलं, "मांजरीला मिशा असायच्याच. काढल्यास तर उंदीर कसे धरणार?"

मनी हसली. सून हसली नाही. म्हणाली, "आई, भिंतींना कान असतात."

"भिंत तुझी, कान पण तुझेच."

"उद्या कुणी म्हणालं, पार्लरवालीच्याच मुलीला दाढी आहे, तर माझ्याकडे कोण येईल?"

माझ्या हनुवटीवरही चार केस आहेत, पण माझ्या वयात ते येतातच, आणि माझ्याकडे बघून कुणी पार्लर निवडत नाही. सुनेचा हात मात्र हलका. एवढ्या वर्षांत मनीच्या तोंडातून एकदा हाय निघालेली नाही. केस काढताना पोरीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी येतं, ते दोऱ्यामुळे येतंच, सगळ्यांना येतं.

मनी म्हणते, हे वाक्य नको. म्हटलं, अट काय होती?

९ जानेवारी

नव्या दुकानाच्या पाटीसाठी फोटो काढायचा होता. फोटोवाला म्हणाला, बाजारात मॉडेलचे फोटो तयार मिळतात. सून म्हणाली, "मॉडेल कशाला? माझीच मुलगी आहे. माझं काम दिसलं पाहिजे."

फोटोसाठी मनीचा चेहरा झाला, हात झाले, मान झाली. मानेने मात्र हट्ट धरला. मनीच्या मानेवर, मागच्या बाजूला आणि कडेला, चामडी जाड आणि काळपट आहे, मखमलीसारखी. काखेतही तसंच. सून वर्षभर घासतेय. स्क्रब, लिंबू, ब्लीच, मग आणखी ब्लीच. तिचं म्हणणं, हा मळ आहे, पोरगी आंघोळीला आळस करते. मनी दिवसातून दोनदा आंघोळ करते हे मला माहीत आहे, कारण गरम पाणी माझ्या वाट्याला कधी येत नाही.

शेवटी फाउंडेशनचा थर दिला. फोटो झकास आला. मान अशी, की जणू साखरेची.

१७ जानेवारी

आज दवाखाना. माझी साखर दाखवायची असते, सोबत सून मनीलाही घेऊन निघाली. मनीला पाळी कितीतरी महिने आलेली नाही. आली की महिनाभर थांबत नाही, आणि गेली की तिचा पत्ता लागत नाही. वजनही पोटाशी वाढलंय. हात-पाय तसेच बारीक, पण कमरेला टायर.

निघायच्या आधी सुनेने तिला खुर्चीत बसवलं. म्हटलं, "अगं, रविवार नाही आज."

"डॉक्टरांकडे काय अशीच नेऊ? अंगावरून लोक घर ओळखतात."

चेहरा झाला, मानेला क्रीम झालं. पोरगी डॉक्टरकडे चालली होती की लग्नाला, कळेना.

दवाखान्यात नवीन डॉक्टर होता, तरुण. मागे बाकांवर गर्दी. त्याने मनीला विचारलं, चेहऱ्यावर जास्तीचे केस येतात का?

उत्तर सुनेने दिलं. "नाही हो. बघा ना तुम्हीच."

त्याने बघितलं. आरशासारखा चेहरा. त्याने गोळ्या लिहून दिल्या, पाळी आणायच्या. वजन कमी करा म्हणाला, आणि रक्त तपासायला एक चिठ्ठी दिली. ती सुनेने पर्समध्ये घातली. बाहेर आल्यावर म्हणाली, "वजनाचं आपल्यालाही दिसतं. रक्त काढायला वेळ कुणाला आहे, दुकान डोक्यावर आलंय."

मी मनीला विचारलं, तू का नाही बोललीस? तुझ्या तोंडाला कुलूप होतं?

मनी इथे लिहायची थांबलीय. पेन नीट चालत नाही म्हणते.

२५ जानेवारी

मनी आजकाल सारखी पाणी पिते. तांब्या तोंडाला लावला की खाली ठेवत नाही. म्हटलं, तुझ्या पोटात विहीर आहे की काय? दुपारी टॉवेलच्या गठ्ठ्यावरच झोपते. सून म्हणते, रात्रभर मोबाईल. मी म्हणते, वय आहे. या वयात मीही उभ्या उभ्या झोपायची, पण मला कुणी मोबाईल दिला नव्हता म्हणून दोष द्यायला काही नव्हतं.

२९ जानेवारी

माझी साखर मनीच बघते. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, मशीन आकडा दाखवतं. आकडा बारीक असतो, मला दिसत नाही, ती वाचून दाखवते. ही साखर मला उतारवयात निघाली, तीही डोळ्याचं ऑपरेशन करायला गेले तेव्हा. म्हणून मी म्हणते, साखर ही म्हाताऱ्यांची दागिन्यांची पेटी. तरुणांना तिचं काय?

आज सकाळी चेष्टेत म्हटलं, "रोज मला टोचतेस, एकदा स्वतःला टोच. कळू दे कसं लागतं."

तिने नवी सुई लावली आणि टोचलं. उपाशीच होती, आम्ही दोघी चहा प्यायच्या आधीच हे काम उरकतो. मशीनकडे बघितलं, बघत राहिली. मग पट्टी काढून कचऱ्यात टाकली.

"किती?"

"मशीन बिघडलंय आजी. काहीतरीच दाखवतंय. दुरुस्तीला टाकते."

आता माझी साखर दोन दिवस बघायची नाही. बरंच झालं, बोटांना सुट्टी.

६ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात माझ्या गोळ्या घ्यायला गेले. दुकानदार माझा जुना गप्पिष्ट. त्याला म्हटलं, मशीन चांगलं दुरुस्त केलंस हो, आता माझे आकडे बरोबर येतात.

तो म्हणाला, "आजी, असली मशीनं दुरुस्त होत नाहीत. बिघडलं तर फेकायचं आणि नवं घ्यायचं. आणि तुमची नात इकडे आलीच नाही."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. थोडा वेळ लागला, पण मी काही अगदीच दगड नाही.

घरी येऊन मनीला हे सांगायला लागले, लिही म्हटलं. तिने इथपर्यंत लिहिलं. मग पेन ठेवलं आणि म्हणाली, "उद्घाटन होऊ दे आजी. मग मी स्वतः जाईन. शप्पथ. आता आईला काही सांगू नकोस."

"किती होता आकडा?"

"सांगेन ना."

७ फेब्रुवारी

मला राहवत नाही. सुनेला सांगितलं. मशीन, तहान, झोप, सगळं.

ती आरशांची पॅकिंगं सोडत होती. म्हणाली, "आई, तुमच्या साखरेचं तुम्ही बघा. चोविसाव्या वर्षी साखर! ऐकलंय का कधी कुठे?"

"एकदा रक्त तपासून घे की."

"आणि निघाली तर? आपल्या पाटीवर तिचा फोटो लागतोय. सगळ्यांना कळल्यावर तिचं लग्न कोण करेल आणि माझ्याकडे कोण येईल?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, उद्घाटनापर्यंत. मग मी स्वतः नेते तिला."

दोघीही उद्घाटनापर्यंतच म्हणतात, पण दुसरीही तेच म्हणतेय हे सुनेला माहीत नाही, आणि मनीला आता लिहिताना कळतंय. मी मध्ये बसून घड्या घालते. मीही म्हटलं, बरं. माझ्या जिभेला कुणी लगाम घातला नव्हता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मीच इतरांना सांगत असते.

मनी म्हणते, हे लिहायला मला चांगलं वाटलं. का, ते सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. पाटी वर लागली. दाराइतकी मोठी. मनी पाटीवर हसते आहे, मान उंचावून, मागे केस बांधलेले. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. सुनेने आज सकाळी पाटीवरच्या मुलीला शोभावी म्हणून खऱ्या मुलीच्या मानेमागचे केस वॅक्सने ओढले आणि वरून नवीन ब्लीच लावलं, जोरात चुरचुरणारं. मनीने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

दिवसभर बायका आल्या. "हीच का हो ती? पाटीवरची?" म्हणून मनीचा चेहरा हातात धरून बघितला. एक जण म्हणाली, काय कातडी आहे, लोण्यासारखी. सून फुलून गेली. अशी आनंदात मी तिला तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. ते खोटं नव्हतं. मला तिच्यासाठी बरंही वाटलं, आणि ते वाटल्याचा राग आला.

मनी संध्याकाळी सगळ्यांच्या आधी आडवी झाली. जेवली नाही.

२१ फेब्रुवारी

मनीच्या मानेमागे फोड आलाय. ब्लीचने भाजलंय म्हणते सून. लालभडक, सुपारीएवढा. "वॅक्सनंतर येतो कधी कधी. मी आहे ना."

२३ फेब्रुवारी

फोडाला तोंडं फुटली, एक नाही, चाळणीसारखी बरीच. सून म्हणाली, पू निघाला की बसेल. गिऱ्हाइकांच्या मुरमांना ती रोज हात लावते, तिला त्यात काही विशेष वाटत नाही. गरम पाण्याने शेकलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

मनी किंचाळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, दवाखाना. सून म्हणाली, दुकान उघडून आठवडाच झालाय आई, आणि मानेवर पट्टी लावून पाटीवरची मुलगी फिरणार का रस्त्याने? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, एवढं तरी मला ऐकून ठाऊक होतं. इथे आजार मुलीला आणि इलाज पाटीला.

हे मनीने लिहिलेलं नाही. ती झोपलीय, अंग तव्यासारखं तापलंय. मी बोलले ते मोबाईलवर ठेवलंय, मुलगा नंतर उतरवणार.

३ मार्च

हे मुलगा लिहितोय. तो तारा जोडणारा माणूस, वाक्यं जोडायला त्याला वेळ लागतो, म्हणून मी थोडक्यात सांगते.

त्या दिवशी दुपारी मनी काहीबाही बडबडायला लागली. मुलाने तिला उचलून गाडीत घातलं. मोठ्या दवाखान्यात रक्त काढलं. साखर चारशेच्या वर. मानेमागचं सडलेलं कापून काढलं. जखम एवढी, की माझी मूठ बसेल. शिवता येत नाही म्हणतात, उघडीच ठेवायची, आतून भरून आली की भरली. डोळ्यासमोर आठ दिवस गेले. आज ती उशीला टेकून बसली.

इथे डॉक्टर बाई आहेत, माझ्या मुलाच्या वयाच्या, कडक. त्या आल्या तेव्हा काय झालं ते मला लिहून हवंय. मुलाने तेव्हा खाली औषध आणायला जायला नको होतं.

मनी आठ दिवस खाटेवर. हनुवटीवर केस उगवले होते, दाट, काळे. सून सकाळी आली. पार्लरमधल्या दोन बायका मनीला भेटायला येणार होत्या. सुनेने पडदा ओढला, पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं, आणि एक टोक दातात धरलं.

दवाखान्यात. सलाईन लागलेली असताना.

मनी म्हणाली, "आई, हात लावू नकोस."

"दोन मिनिटं. त्या येतील आता."

"हात लावू नकोस."

एवढ्यात डॉक्टर बाई पडद्याआड आल्या. दोरा सुनेच्या दातातच होता. बाईंनी तो बघितला, मनीची हनुवटी बघितली, आणि मनीच्या काखेकडे, गळ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हे केस कधीपासून?"

सून म्हणाली, "आजारपणात आले."

"शाळेत असल्यापासून," मनी म्हणाली.

"आणि मानेवरचा हा काळेपणा?"

"मळ आहे तो," सून म्हणाली. तिला खरंच तसं वाटतं. ती खोटं बोलत नव्हती, ही माझ्या सुनेची वेगळीच गंमत.

डॉक्टर बाईंनी खुर्ची ओढली. त्या म्हणाल्या, तो मळ नाही, घासून जायचा नाही. शरीर साखर आत न्यायला इन्सुलिन करतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन करतं, आणखी करतं. ते जादाचं इन्सुलिन कातडी जाड आणि काळी करतं, अंडाशयाला भलत्याच कामाला लावतं, मग पुरुषांची संप्रेरकं वाढतात, म्हणून केस, म्हणून पाळी नाही, म्हणून पोटाशी वजन. आणि शेवटी शरीर थकलं की साखर. सगळा एकच आजार आहे, चार इंग्रजी अक्षरांचा, पीसीओएस.

मी मनात म्हटलं, मला एक अक्षर येत नाही आणि नातीला चार चिकटली. आणि मोठ्याने म्हटलं, "म्हणजे दाराशी कुणी ऐकेना म्हणून ओरडून ओरडून सगळा शेजार उठवला?"

बाई हसल्या. "आजी, तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगता." मग हसू गेलं. "केस आणि मान बघूनच आम्ही ओळखतो. आधी कुठेतरी दाखवलं असेल ना? त्या डॉक्टरला काही दिसलं नाही?"

सुनेने दोरा रिळाला गुंडाळला.

मुलगा इथे थांबलाय. म्हणतोय, आई, दर रविवारी हे चालायचं ते मला माहीतच नव्हतं. त्याने या गावातल्या निम्म्या घरांत दिवे लावलेत.

१४ मार्च

मनी घरी आली. मानेमागे पट्टी. गोळ्या रोज, त्यातल्या दोन तर माझ्याच डब्यातल्या. आजी आणि नात एकाच डब्यातून खातात म्हणून मी चेष्टा केली, ती हसली नाही, मीही नंतर हसले नाही. चालायचं, वजन कमी करायचं, गोड सोडायचं, वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. आयुष्यभर. तिच्या आयुष्यभरात अजून बरंच आयुष्य आहे.

आज तिने आईला एकच गोष्ट मागितली. पाटी उतरव.

सून म्हणाली, "आता उतरवली तर लोक विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगू त्यांना? माझीच मुलगी अशी आहे म्हणून?"

"अशी म्हणजे कशी, आई?"

सुनेने क्रीमच्या डब्या पुसायला घेतल्या, ज्या पुसलेल्याच होत्या. मुलगा म्हणाला, थोडे दिवस जाऊ देत. मी म्हटलं, पाटी मी उतरवते, शिडी द्या. सगळे माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

१९ मार्च

हे मनी लिहितेय, आणि म्हणते हे शेवटचं. कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर नोकरी मिळाली. तिच्या मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय, दोन गल्ल्या सोडून नव्हे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बॅग भरून झालीय.

मी विचारलं, "आणि हनुवटीचं काय करणार?"

"कधी काढेन, कधी नाही. मलाच ठरवायचंय, एवढंच."

म्हटलं, मानेची पट्टी आणि दवाखान्याच्या तारखा चुकवू नकोस. म्हणाली, चुकवणार नाही. म्हटलं, आईशी बोल जाताना. म्हणाली, बोलेन. पण जाताना सून दुकानात होती आणि दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि मनी काचेच्या दारासमोर क्षणभर उभी राहिली, तिच्या डोक्यावर तिचाच एवढा मोठा चेहरा हसत होता, आणि मग ती रिक्षात बसली.

हे शेवटचं वाक्य मनी गेल्यावर मी मोबाईलवर बोलून ठेवलं. कुणीतरी उतरवेल.

६ एप्रिल

वरचं वाक्य मुलाने उतरवलं. आज रविवार. पार्लर बंद. सून सकाळी उठून पुढच्या खोलीत आली, दार लावलं, आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, आई, तुमचे केस काढून देऊ? हनुवटीवर चार आहेत.

म्हटलं, राहू देत. मला त्यांची सोबत आहे.

११ एप्रिल

आजचं अक्षर सुनेचं. तिला मीच बसवलंय.

दुपारी नव्या दुकानात एक बाई आली. मी तिथेच असते आता, घड्या घालायला. बाईबरोबर मुलगी, शाळेतली, अंगाने भरलेली, गळ्याभोवती उन्हाळ्यात रुमाल बांधलेला. बाई म्हणाली, "हिची मान बघा हो. घासून घासून माझे हात दुखले, मळ जातच नाही. वर्गात मुली चिडवतात हिला. तुमच्या पाटीवरच्या मुलीसारखी करून द्या."

मुलीने रुमाल सोडला. मखमलीसारखी काळी मान. ओठावर लव.

सुनेने मान बघितली. मी माझ्या खुर्चीवरून सुनेला बघितलं. मनात म्हटलं, बोल बाई. आता बोल. तुझ्याइतकं हे या गावात कुणाला माहीत नाही.

सून म्हणाली, "क्रीम संपलंय आज. पुढच्या आठवड्यात या."

तिच्या मागे फळीवर डबे ओळीने उभे. मुलीने ते बघितले. आईने बघितले की नाही, माहीत नाही. "मग कोपऱ्यावरच्या पार्लरात जातो," ती म्हणाली. "आज करूनच न्यायचंय."

मी उठले. माझं उठणं म्हणजे एक कार्यक्रम असतो, तोवर त्या दोघी फुटपाथवर पोचल्या. दारातून हाक मारली. "अहो बाई, मळ नाही तो. पोरीचं रक्त तपासून घ्या. साखर बघा."

बाई वळली. आधी माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं. "आजी, आधी पाटीवर काय लावलंय ते बघा, मग आम्हाला डॉक्टर सांगा." मुलीचा दंड धरून तिने तिला ओढलं. मुलगी मात्र मान वळवून माझ्याकडे बघत चालत होती, रस्ता वळेपर्यंत.

आत आले तर सून टॉवेलच्या घड्या घालत होती, माझं काम. म्हटलं, ते ठेव, डायरी आण आणि लिही.

"काय लिहू, आई?"

"क्रीम संपलं नव्हतं, असं लिही."

तिने लिहिलं. मला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवायला लावलं. तिने वाचलं. "क्रीम संपलं नव्हतं." मग म्हणाली, "पण आई, मी घासलं तर नाही ना."

म्हटलं, हेही लिही. आणि त्याखाली लिही, पोर कोपऱ्यावरच्या पार्लरात गेली. तिथे घासतात.